डाव्या खांद्याची रायफल

सोमवार, ९ जानेवारी

डाव्या हाताने लिहितोय. कोंबडीने उकरल्यासारखं दिसतंय. हाताचे व्यायाम घेणाऱ्या रादिचबाई म्हणाल्या, रोज लिहा, काहीही लिहा, कोणी वाचणार नाही. आज बटाट्याचं सार. पुरे.

मंगळवार, १० जानेवारी

बर्फ. बाकी काही नाही.

गुरुवार, १२ जानेवारी

दुपारी जेवताना बुर्गी म्हणाली, "मला एअर रायफल घ्यायची आहे."

मी चमचा खाली ठेवला. ही माझी बायको! छत्तीस वर्षं दर गुरुवारी मी नेमबाज मंडळात निघालो की हिने माझ्या पाठीमागे दार आपटलंय. "कागदाला भोकं पाडायला तीन तास लागतात का रे तुम्हाला?" हे वाक्य मला पाठ आहे.

"कशाला?" मी म्हणालो.

"बासष्टीची झाले. काहीतरी शिकावं म्हणते. मंडळात बायका कमी आहेत, क्विरिन सांगत होता."

क्विरिन मंडळाचा प्रमुख. पोट मोठं, मन त्याहून मोठं, तोंड सर्वांत मोठं. संध्याकाळी ही गेलीसुद्धा. मी घरी. मे महिन्यापासून मी घरीच आहे.

(वरचं लिहायला दोन दिवस लागले. आज शनिवार आहे.)

रविवार, १५ जानेवारी

खरं लिहायचं तर लिहूनच टाकतो. मेमध्ये अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. आहे जागेवर, पण बाहीत नुसता लटकलेला. सुताराचा उजवा हात. पाय काठीने चालतो, तोंड तर चालतंच, बुर्गी म्हणते त्याला काही झालं नाही.

ऑक्टोबरात क्विरिन आला होता. म्हणाला, "गिडी, टेकूवर बंदूक ठेवून मारता येतं की. वयस्कांची वेगळी स्पर्धाच असते." मी त्याला चहा न विचारता घालवला. कारण टेकूवाल्यांना सर्वांत जास्त कोण हसला असेल आयुष्यभर, तर मीच. "टेकूवाले आले रे, त्यांना उशी द्या," असं मी भर खानावळीत ओरडायचो. तीनदा स्पर्धा जिंकून मंडळाचा राजा झालोय मी, उभा राहून, दोन्ही हातांनी. खानावळीखालच्या मंडळाच्या तळघरात त्यांनी तो गिडी पाहिलाय. त्यांनी हा बघू नये. मी जाणार नाही. एवढं ठरलंय.

गुरुवार, १९ जानेवारी

बुर्गी मंडळाची जुनी रायफल मारून आली. म्हणते, फार जड, दस्ता लांब, डोळ्याला काही दिसलं नाही. "तू सांग, कुठली घेऊ? तुला कळतं त्यातलं."

मी म्हणालो, माझी घे. कपाटात बावीस वर्षांची माझी रायफल आहे, अक्रोडाचा दस्ता, माझ्याच हाताने घासलेला.

"तिच्या हवेच्या नळकांड्याची मुदत संपली," ती म्हणाली. खरं होतं. दहा वर्षं झाली की नळकांडं वापरायचं नसतं. पण हे हिला कोणी सांगितलं?

शुक्रवार, २० जानेवारी

सकाळी डोळा तपासला तिचा. नवशिक्याने आधी डोळा बघायचा, मग रायफल. हे न करता लोक दुकानात धावतात आणि दोन वर्षं तक्रार करतात की नेम लागत नाही. दोन्ही हात पुढे धरायचे, अंगठ्यांमध्ये छोटी फट ठेवायची, फटीतून चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला कोंबडा दिसत राहतो तो नेमाचा डोळा.

"डावा," ती म्हणाली.

"पुन्हा बघ."

"डावाच आहे, म्हाताऱ्या. कोंबडा अगदी मधोमध."

उजव्या हाताची बाई आणि डोळा डावा. असं असतं कधीकधी. अशांनी सरळ डाव्या खांद्यावरून मारायला शिकावं. म्हणजे डावखुरी रायफल हवी. माझी बाद. मला वाईट वाटलं, पण तिला दाखवलं नाही. जरासं दाखवलं.

शनिवार, २८ जानेवारी

शहरातल्या दुकानात जाऊन आलो. मे महिन्यानंतर पहिल्यांदा बेकरीच्या पुढे गेलो! रादिचबाईंना सांगायला हवं.

दुकानातल्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्यासाठी का?" मी म्हणालो, "हिच्यासाठी. मी नुसता हमाल आहे, तोही अर्धा." ती हसली नाही. बुर्गी हसली.

तिथे भिंतभर रायफली. पूर्वी लाकडाच्या असायच्या. आता ॲल्युमिनियमचे सांगाडे, निळे, लाल, केशरी, जिकडेतिकडे स्क्रू. मी म्हणालो, "ही बंदूक आहे की रंगाऱ्याची शिडी?" बुर्गीला बीच झाडाच्या लाकडाची एक दाखवली. साधी, हलकी, नवशिक्याला पुरून उरेल अशी, डावखुरीसुद्धा. मी तिचा दस्ता डाव्या हाताने चोळून पाहिला. छान काम होतं. मी म्हणालो, हीच घे. नवशिक्याने महागात जाऊ नये, आधी दोन हिवाळे टिकून दाखवावं.

बुर्गीने ती एकदाच उचलली आणि ठेवली. मग त्या निळ्या शिडीकडे गेली. गालाची पट्टी वरखाली होते, खांद्याची पाटी पुढेमागे होते, सगळं बोटाने फिरवायच्या स्क्रूवर.

"हे एका हाताने फिरतं का?" तिने विचारलं.

"फिरतं," दुकानातली बाई म्हणाली.

बुर्गीचं मनगट दुखतं थंडीत, म्हणून विचारलं असणार. मी म्हणालो, लाकूड बघ, लाकूड उबदार असतं, गालाला गार लागत नाही. ती म्हणाली, "लाकूड तुझ्यासारखं आहे, गिडी. फार सुंदर, पण एकदा बनलं की बदलत नाही." दुकानातली बाई आता मात्र हसली.

निळी घेतली, डावखुरी. मी नळकांड्यावरचा शिक्का वाचला. २०३२ पर्यंत चालेल. तेव्हा मी शहात्तरचा असेन. तसं म्हणालो तर बुर्गी म्हणाली, "पुरे झालं की तेवढं," आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते उघडं नव्हतं खरं तर. तिने काढून पुन्हा लावलं.

सोमवार, ३० जानेवारी

शिकवायला सुरुवात. ओसरीत उभं केलं, छर्रा न घालता. डाव्या खांद्यावर रायफल म्हणजे बुर्गीच्या हातात दुसऱ्याचं बाळ दिल्यासारखं. कोपर कुठेही. मी म्हणालो, कोपर बरगडीला टेकव, हाड हाडावर, स्नायूने धरायचं नाही. तिला कळेना. मग मी मागे उभा राहून डाव्या हाताने तिचं कोपर धरून जागेवर ठेवलं.

तसाच थोडा वेळ उभा राहिलो. मे महिन्यापासून मी तिला धरतोय तो पडू नये म्हणून. बाथरूममध्ये, जिन्यावर, गाडीतून उतरताना. आज पहिल्यांदा ती डळमळत होती आणि मी धरलं होतं. तिच्या केसांना कांद्याचा वास येत होता. मला रडू आलं, पण ती पुढे बघत होती.

मंगळवार, ३१ जानेवारी

चाप शिकवला. आधी सैल सरकतो, मग अडतो. अडला की तिथे थांबायचं. मग नुसतं दाबत राहायचं, सुटेल तेव्हा सुटेल. आपण सोडायचा नाही. तिला म्हणालो, तू माझ्यावर रागावतेस ना, तेव्हा आधी जशी गप्प होतेस, तशी जागा आहे ती. लगेच जमलं.

गुरुवार, २ फेब्रुवारी

पहिल्यांदा स्वतःची रायफल घेऊन गेली. दहा छर्रे, शंभरपैकी चोपन्न. मी म्हणालो, वाईट नाही. वाईटच होतं. कोठीच्या दारावर कागद चिकटवला आणि ५४ लिहिलं, डाव्या हाताने, मोठं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

६३! गालाची पट्टी मी दोन खुणा वर केली होती, त्याचा परिणाम. तिचा चेहरा लहान, हाडं उंच. माझा गाल जाडा, मला ती पट्टी पार खाली लागली असती. तिच्या खुणेवर पेन्सिलीची रेघ मारून ठेवली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. बुर्गी बहिणीकडे गेली होती. तिची रायफल खांद्याला लावून पाहिली. डाव्या. नुसतं, चाप नीट आहे का बघायला.

चाप नीट आहे.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

कार्निव्हलचा गुरुवार. आज गावातल्या बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. मंडळ बंद. मी सकाळी तिचा डोळा चुकवून टाय बांधला. एका हाताने, एक टोक दातात धरून. चाळीस मिनिटं लागली. मग काहीच नसल्यासारखा टेबलाशी जाऊन बसलो.

तिने कात्री आणली, टाय धरला, गाठीकडे बघितलं. मग कात्री ठेवून दिली.

"अगं काप ना," मी म्हणालो. "रिवाज आहे."

"एवढ्या मेहनतीची गाठ मी नाही कापणार." मग जॅम भरलेले वडे तळले. मी तीन खाल्ले. टाय दिवसभर तसाच ठेवला.

सोमवार, २० फेब्रुवारी

आता खरं लिहितो. बहिणीकडे, चर्चच्या गायनाला, शिवणाच्या वर्गाला, जिथे कुठे बुर्गी जाते त्या दिवशी मी तळघरात जातो. तिची रायफल घेऊन. बटाट्याच्या पेटीपासून धुण्याच्या मशीनमागच्या भिंतीपर्यंत साडेआठ मीटर भरतात. सुतारकामाच्या मेजावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर रायफल टेकवतो. हो, टेकूच. कोणी बघत नाही.

मारणं सोपं आहे. भरणं कठीण! मेजाच्या शेगड्यात, म्हणजे लाकूड आवळायच्या पकडीत, फडकं घालून रायफल आवळायची, खटका उघडायचा, चिमट्याने छर्रा ठेवायचा, तो पडतो, शोधायचा, पुन्हा ठेवायचा, खटका लावायचा, शेगडा सैल करायचा, उचलून पिशवीवर आणायची. एका छर्ऱ्याला सात मिनिटं. घामाघूम होतो. आज पाच मारले. दोन कागदाबाहेर, धुण्याच्या मशीनला एक पोचा पडला आहे. एक सात.

गालाची पट्टी खाली घ्यावी लागते. झालं की पुन्हा तिच्या रेघेवर ठेवतो, बायकोच्या पर्समधून चोरून नाणं परत ठेवल्यासारखं.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

बुर्गी ७१. मंडळात सगळे विचारतात म्हणे माझ्याबद्दल. मी विषय बदलला.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

नऊ.

मी एकटाच तळघरात "नऊ!" असं म्हणालो. भिंतींना. वर येऊन बुर्गीला सांगायचं होतं. सांगता येत नाही. तिची रायफल न विचारता वापरतो, आणि छत्तीस वर्षं ज्यांना हसलो तसाच टेकूवर मारतो. कुठल्या तोंडाने सांगू?

गुरुवार, ९ मार्च

ती ७८. दुसऱ्या हिवाळ्यात लोक इथवर येतात, ही दुसऱ्या महिन्यात आली. मला इतका अभिमान वाटला की शेजाऱ्याला कुंपणावरून हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, "शिकवणारा चांगला असेल." मी दिवसभर तेच चघळत बसलो.

शुक्रवार, १७ मार्च

सकाळी रायफल पुसायला घेतली आणि बघतो तर काय. गालाची पट्टी पार खाली. माझ्या जागी. बुधवारी तळघरातून वर येताना ती वर करायला विसरलो!

म्हणजे काल गुरुवारी ती तसलीच रायफल घेऊन गेली. अशी चूक करणारा मी पहिला नाही, पण तिला नेम तरी कसा धरता आला असेल? पट्टी इतकी खाली असली तर तिचा डोळा नेम धरायच्या मागच्या चकतीच्या भोकापर्यंत पोचतच नाही. नुसता काळोख दिसतो. कागद नाही, लेन नाही, काही नाही.

आणि काल रात्री जेवताना ती म्हणाली होती, "एक्क्याऐंशी. शेवटचे तर फारच छान गेले."

रविवार, १९ मार्च

संत योसेफाचा दिवस, सुतारांचा. बुर्गीने केक केला. दुपारी मेजाची फळी सरकवताना माझ्या बोटात लाकडाचं कूस गेलं. तिने सुई आणली, माझा हात खिडकीशी धरला, आणि डावा डोळा घट्ट मिटून, उजव्याने बघत, एका झटक्यात कूस काढलं.

डावा डोळा मिटून.

मी "धन्यवाद" म्हणालो. कोंबडा तिला उजव्या डोळ्याने दिसला होता. पहिल्या दिवसापासून ती खोटं बोलते आहे. डोळा खोटा, आकडे खोटे. दारावरचा कागद मी स्वतःच्या हाताने भरलाय, वेड्यासारखा.

गुरुवार, २३ मार्च

मुद्दाम पट्टी पुन्हा खाली करून दिली. परत आली. "किती?" "त्र्याऐंशी." केस नीट बांधलेले, गाल लाल. मी कागदावर काही लिहिलं नाही. तिच्या लक्षात आलं.

शुक्रवार, २४ मार्च

क्विरिनला फोन केला. "बुर्गीने काल किती मारले?" त्या बाजूला इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन गेला. मग म्हणाला, "अरे गिडी, तिलाच विचार ना." आणि ठेवला. ज्या माणसाचं तोंड कधी बंद नसतं तो!

रविवार, २६ मार्च

रात्रभर नाही, पण सकाळपासून विचार करतोय. मनात काय काय आलं ते लिहितो, कोणी वाचणार नाही. दुसरा पुरुष? बासष्टाव्या वर्षी, निळी रायफल घेऊन? मला स्वतःचंच हसू आलं. मग जे मनात आलं त्याचं हसू आलं नाही.

तीन तास. आठवड्यातून तीन तास तिला माझ्यापासून सुटका हवी असेल. मला अंघोळ घालणं नको, बूट बांधणं नको, माझं तोंड नको. खानावळीत एका कोपऱ्यात बसत असेल, एकटी, कॉफी घेऊन. मी जाऊ देत नाही म्हणून नव्हे, मला वाईट वाटू नये म्हणून एवढं नाटक केलं असेल. आणि तसं असलं तर माझं काहीही म्हणणं नाही. तिने ते तीन तास कमावलेत. पण मला ते कळायला हवं. न कळता मी तिच्या आकड्यांवर जगू शकत नाही.

बुधवार, २९ मार्च

उद्या ती गेली की मागून जाणार. हंगामातला शेवटचा गुरुवार आहे. खानावळीपर्यंत चारशे मीटर. मला अर्धा तास लागेल. कोपऱ्यात बसलेली दिसली तर तसाच परत येईन, तिला कळणारही नाही.

गुरुवार, ३० मार्च

खानावळीत वर ती नव्हती. तळघराच्या जिन्याचा कठडा उतरताना उजवीकडे. माझा चालता हात डावा. म्हणून मी उलटा उतरलो, पाठ करून, काठी काखेत, अकरा पायऱ्या. खाली पोचून वळलो.

चौथी लेन, माझी. तिथे खुर्ची, टेकू, त्यावर निळी रायफल. खुर्चीत क्विरिन, उजवा हात पँटच्या खिशात खुपसून, डाव्या खांद्याने मारत. शेजारी बुर्गी उभी. ती छर्रा घालत होती, खटका लावत होती, आणि त्याला म्हणत होती, "फार झुकू नकोस. गिडीचं पोट तुझ्याएवढं नाही."

भिंतीवर नावांचा तक्ता. लेन ४: गिडी. छर्रा भरणार: बुर्गी. बारा जानेवारीपासून, दर गुरुवारी. माझ्या नावापुढे दहा रिकाम्या चौकटी, अकरावी आजची.

मी तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"ये म्हटलं असतं तर आला असतास?"

क्विरिन म्हणाला, "घरच्या डबीतले छर्रे कमी व्हायला लागले, तेव्हा ही नाचत आली होती इथे. आता येईल म्हणाली."

मग तो उठला. मी बसलो. तिने पट्टी खाली केली, छर्रा घातला, आणि म्हणाली, "भरलं."